स्वसंरक्षणाची विद्या कशी निवडावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला बहुधा एखादा भारदस्त विषय देण्याची रीत आहे. आपण मला अगदी कामाचा विषय दिलात, याबद्दल मी आपली आभारी आहे. येत्या वर्षी मंडळातर्फे मुलींसाठी आणि आपल्या स्वतःसाठीही स्वसंरक्षणाचा वर्ग सुरू करायचा, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. त्यासाठी पैसेही बाजूला काढून ठेवले आहेत. घोडे अडले आहे ते वर्ग कशाचा काढावा यावर. तरुण भगिनींचा ओढा कराट्याकडे आहे, काहींना ज्यूदो हवा आहे, आणि आपल्यातल्या वडीलधाऱ्या भगिनी म्हणतात, घरची लाठी आणि दांडपट्टा असताना जपान-कोरियाचे दार कशाला ठोठवायचे? शाळेत शारीरिक शिक्षण शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली, म्हणून निवाडा करायला मला बोलावले आहे. निवाडा अखेर तुम्हीच करायचा आहे. तो कोणत्या कसोटीवर करावा, एवढेच मी सांगणार आहे.

औषध ठरवण्याआधी दुखणे कोणते ते पाहावे लागते. आपल्याला रक्षण करायचे आहे ते कशापासून?

पहिला प्रसंग गर्दीतला. बसमध्ये, लोकलमध्ये, जत्रेत धक्का मारणारा, चिमटा काढणारा माणूस. हा जात्याच भित्रा असतो. आपण गप्प बसू या भरवशावर त्याचा धंदा चालतो. त्याला लागतो तो खणखणीत आवाज आणि फार तर कोपराचा एक ठोसा. याला कोणत्याही पट्ट्याची गरज नाही.

दुसरा प्रसंग सोनसाखळी ओढणाऱ्याचा. तो मोटारसायकलवरून येतो आणि आपण मागे वळून पाहीपर्यंत निघून जातो. येथे जगातली कोणतीही विद्या फारशी उपयोगी नाही. मंगळसूत्र घट्ट धरून ठेवणारी बाई फरफटत जाते, डोके आपटते. दागिना पुन्हा घडवता येतो, मान पुन्हा घडवता येत नाही. तेव्हा ओढणाऱ्याला साखळी जाऊ द्यावी, गाडीचा क्रमांक पाहावा आणि ११२ वर फोन करावा.

तिसरा प्रसंग रोज पाठलाग करणाऱ्याचा. याची तक्रार पहिल्या आठवड्यातच करायची असते. पाठलाग हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. मुलीने घरी सांगितले तर तिचेच कॉलेज बंद होईल, ही भीती तिला वाटता कामा नये. ती भीती घालवणे हे आपणा आयांचे काम आहे.

चौथा प्रसंग सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी बोलला जाणारा. आपल्या डोळ्यांपुढे हल्लेखोर म्हणून नेहमी काळोखी गल्ली आणि तोंडाला रुमाल बांधलेला अनोळखी माणूस येतो. परंतु राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे एकच गोष्ट दाखवत आले आहेत: बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, मित्र, लग्नाचे वचन दिलेला, कामावरचा वरिष्ठ. म्हणजे येणारा हात बहुतेक वेळा ओळखीचा असतो, आणि जवळून येतो.

माझ्या शाळेतली एक मुलगी मला आठवते. कवायतीत पहिली, कराट्याच्या प्रात्यक्षिकात कौले फोडून टाळ्या घेणारी. एकदा जिन्यात घराशेजारच्या एका गृहस्थाने तिचा हात धरला. तो सुटला तो वरून कोणीतरी उतरत होते म्हणून. मी विचारले, "अगं, तू ओरडली का नाहीस?" ती म्हणाली, "बाई, ते काका होते. काकांवर कसं ओरडायचं?" हाताने कौल फोडायला तिला कोणीतरी शिकवले होते. काकांवर ओरडायला कोणीच शिकवले नव्हते. यात त्या मुलीचा तिळमात्र दोष नाही. भीतीने अंग थिजते, वाचा बसते, हा शरीराचा धर्म आहे. परंतु वर्ग निवडताना या जिन्यातल्या प्रसंगाला त्या वर्गात काय उत्तर आहे, हे आपण पाहिलेच पाहिजे.

आता एकेका विद्येकडे वळू.

ज्यूदोपासून आरंभ करते. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत एका मंदिराच्या आवारात कोदोकान ही शाळा काढली. जपानच्या जुन्या जुजुत्सूतले घातक डाव त्यांनी बाजूला ठेवले आणि उरलेल्या डावांचा सराव खऱ्याखुऱ्या झोंबाझोंबीतून करण्याची पद्धत घातली. समोरचा ढकलतो तेव्हा त्याच्याच जोराने त्याला पुढे घ्यायचे, ही त्यातली युक्ती. आपल्या आखाड्यात धोबीपछाड म्हणतात तीच फेक तेथे खांद्यावरून दुसऱ्या नावाने केली जाते, त्यामुळे हे काही आपल्याला अगदी परके नाही. आपल्या देशातही ही विद्या जुनी आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९२९ साली ताकागाकी नावाचे जपानी शिक्षक शांतिनिकेतनात आणले, आणि त्यांच्यापाशी मुलांबरोबर मुलीही ज्यूदो शिकल्या.

स्त्रियांना मात्र या विद्येत सुखासुखी जागा मिळाली नाही. केइको फुकुदा या कानोंच्या गुरूंची नात. पाचव्या श्रेणीच्या वर स्त्रीला जाता येत नाही, या नियमामुळे त्या वर्षानुवर्षे तेथेच अडकल्या. १९७२ साली त्यांना सहावी श्रेणी मिळाली आणि २०११ साली, वयाच्या ९८ व्या वर्षी, अमेरिकेच्या ज्यूदो संघटनेने त्यांना दहावी श्रेणी दिली. न्यूयॉर्कच्या रेना कानोकोगी १९५९ साली पुरुषाच्या वेषात स्पर्धेत उतरल्या, जिंकल्या, आणि स्त्री असल्याचे कळताच त्यांना पदक परत करावे लागले. त्याच बाईंनी १९८० साली स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा न्यूयॉर्कात भरवली. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या ज्यूदोला पदके मिळू लागली ती १९९२ पासून.

ज्यूदोचा मोठा गुण म्हणजे तो जवळच्या पकडीची विद्या आहे, आणि आपल्यावर येणारा प्रसंग बहुधा पकडीचाच असतो. दुसरा गुण म्हणजे पडायला शिकणे. त्याविषयी पुढे बोलते. उणीव ही की त्यात ठोसा-लाथ नाही, आणि चांगल्या जाड गाद्यांशिवाय तो शिकवताच येत नाही. सतरंजीवर ज्यूदो म्हणजे हाडवैद्याला आमंत्रण.

कराटे ओकिनावा बेटावरचे. गिचिन फुनाकोशी यांनी ते १९२२ साली तोक्योत नेले. यात ठोसे, लाथा आणि अडवणूक आहे. चांगल्या गुरूकडे शिकले तर अंगाला शिस्त लागते, अंतर कळते आणि आवाजही मोकळा होतो, कारण ओरडणे हा त्या प्रहाराचा भागच असतो. परंतु अनेक वर्गांत मुली वर्षानुवर्षे हवेतच ठोसे मारतात. समोर कोणी उभे राहत नाही, कोणी धरत नाही. असे कराटे म्हणजे काठावर बसून शिकलेले पोहणे. कोरियाच्या तायक्वांदोत उंच लाथांचा भर आहे. तो खेळ डोळ्यांचे पारणे फेडणारा आहे. परंतु साडीत, चपला घालून, ओल्या रस्त्यावर उंच लाथ मारण्याचा बेत कोणी करू नये. लाथ मारायचीच तर टाचेने, गुडघ्यावर किंवा नडगीवर.

मुष्टियुद्धात, म्हणजे बॉक्सिंगमध्ये, पहिल्या महिन्यापासून समोर माणूस असतो आणि ठोसा चुकवण्याची सवय लागते. २०१२ साली लंडनला स्त्रियांचे बॉक्सिंग प्रथम ऑलिंपिकमध्ये आले आणि आपल्या मेरी कोमने कांस्यपदक आणले. मात्र हातमोज्याशिवाय बंद मुठीने कपाळावर मारले तर मारणाराचीच करंगळीकडची हाडे मोडतात. म्हणून स्वसंरक्षणाच्या वर्गात मुठीपेक्षा तळहाताची टाच नाकाखाली मारायला शिकवतात, ते बरोबर आहे.

कुस्तीला बायकांची म्हणत नाहीत. परंतु १९५४ साली बडोद्यात हमीदा बानू या पहिलवान स्त्रीने बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केले होते. २०१६ साली रिओला साक्षी मलिकने कांस्यपदक मिळवले. ज्या गावात मुलींसाठी आखाडा आहे, तेथे स्वसंरक्षणाचा दुसरा वर्ग शोधण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन वर्षे कुस्ती खेळलेल्या मुलीला जमिनीवर दाबून ठेवणे सोपे नसते.

इस्रायलचे क्राव मागा हल्ली शहरांतून ऐकू येते. इमी लिख्तेनफेल्ड यांनी १९३० नंतरच्या दशकात ब्रातिस्लाव्हात ज्यूंच्या वस्तीवर होणाऱ्या हल्ल्यांना तोंड देताना त्याचा पाया घातला. त्यात नटवेपणा नाही, थोडक्यात सुटून पळणे हाच हेतू आहे. परंतु या नावाखाली दोन दिवसांत सर्व काही शिकवण्याची जाहिरात करणारेही निघाले आहेत, त्यांच्यापासून सावध राहावे.

आता आपल्या वडीलधाऱ्या भगिनींची लाठी. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत मुली दांडपट्टा फिरवतात तेव्हा ऊर भरून येतो. केरळात वडकरा येथे मीनाक्षी अम्मा सातव्या वर्षी कळरीपयट्टू शिकू लागल्या आणि सत्तरी उलटल्यावरही शिकवत होत्या. २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लाठीने खांदे मोकळे होतात, पाऊल हलके होते, आणि प्रहार पाहून डोळे मिटण्याची सवय जाते. हे लाभ लहान नाहीत. परंतु भाजीला, कचेरीला जाताना आपल्या हातात लाठी नसते. म्हणून लाठी व्यायामासाठी जरूर असावी, मात्र तेवढ्यावर स्वसंरक्षण झाले असे समजू नये.

विलायतेतला एक दाखला देते. लंडनमध्ये स्त्रिया मतदानाच्या हक्कासाठी लढत होत्या तेव्हा सभांतून त्यांना पुरुषांची आणि पोलिसांची मारहाण सोसावी लागे. एडिथ गॅरड या पाच फुटांहूनही कमी उंचीच्या बाईंनी १९०९ च्या सुमारास त्यांना जुजुत्सू शिकवायला आरंभ केला. पुढे १९१३ साली नेत्या एमेलिन पँकहर्स्ट यांना पुन्हा पुन्हा होणाऱ्या अटकेपासून वाचवण्यासाठी स्त्रियांचे एक रक्षक-पथक उभे राहिले. या बायका झग्याखाली मुदगल लपवून नेत. होय, आपल्या तालमीतलेच मुदगल; इंग्रज शिपायांनी हिंदुस्थानातून ते तिकडे नेले होते. या दाखल्यात मला महत्त्वाचे वाटते ते हे की त्या सगळ्या जणी एकत्र शिकल्या, एकमेकींना खरोखर धरून, पाडून शिकल्या, आणि आपल्याला नेमके कशाला तोंड द्यायचे आहे ते ठाऊक ठेवून शिकल्या.

तेव्हा भगिनींनो, विद्येचे नाव ही दुय्यम गोष्ट आहे. कोणत्याही वर्गात प्रथम एक पाहावे: तेथे शिकणारीला कोणी खरोखर धरते का, आणि तिला खरोखर सुटावे लागते का? मनगट धरले तर धरणाराच्या अंगठ्याच्या बाजूने, सारे अंग वळवून हात सोडवायचा, हे मी तुम्हाला आता एका वाक्यात सांगितले. कळले सर्वांना. परंतु धरणाऱ्याने जोर लावला म्हणजे जमेल का? पन्नास वेळा केल्याशिवाय नाही. कानोंनी जी गोष्ट ज्यूदोत आणली ती हीच, आणि कुस्तीगिराला ती पहिल्या दिवसापासून ठाऊक असते.

दुसरे पाहावे, तेथे आवाज शिकवतात का? कॅनडातल्या तीन विद्यापीठांत शार्लीन सेन या प्राध्यापिकेने एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या ८९३ मुली होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाला नुसती माहितीपत्रके दिली, दुसऱ्याला १२ तासांचे शिक्षण दिले. वर्षभरात पहिल्या गटात १०० पैकी सुमारे १० मुलींवर बलात्कार झाला, दुसऱ्यात सुमारे ५ मुलींवर. बारा तासांत अंगाने करायच्या बचावाला जेमतेम दोन तास होते. उरलेल्या वेळात काय शिकवले? ओळखीच्या माणसाचा इरादा लवकर ओळखणे, त्याला काय वाटेल हा संकोच बाजूला सारणे, आणि मोठ्याने, स्पष्ट नाही म्हणणे. आमच्या त्या जिन्यातल्या मुलीला जे हवे होते, नेमके तेच.

आपल्या घरांत मुलींना हळू बोलायला, काकांना उलट न बोलायला, पाहुण्यांना नमस्कार करायला आपणच शिकवतो. ते संस्कार मला मोडायचे नाहीत. त्यांच्या जोडीला आणखी एक हवा: अंगाला नकोसा हात लागला की नाते, वय, मान काहीही आड येत नाही. हे वर्गात एकमेकींसमोर उभे राहून, पोटातून आवाज काढून घोकावे लागते. पहिल्या दिवशी सगळ्या हसतात. चौथ्या दिवशी आवाज फुटतो.

तिसरे पाहावे, शिक्षक कसा आहे? मुलींना डाव शिकवायचे म्हणजे अंगाला स्पर्श येणारच. म्हणून स्त्री शिक्षिका असावी, निदान साहाय्यक तरी स्त्री असावी. आयांना बसून वर्ग पाहण्याची मुभा असावी. जो शिक्षक दार लावून घेतो, त्याचे पाय लावू नयेत. आणि पट्ट्यांच्या परीक्षा व त्यांची फी यांवरच ज्याची नजर, त्याच्याकडे मुलीच्या कमरेचा पट्टा रंग बदलत राहील, मुलगी आहे तेथेच राहील.

कायद्याविषयी दोन शब्द. "मारले तर पोलीस आपल्यालाच धरतील," असे अनेकींना वाटते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काविषयी आहेत. आवश्यक तेवढ्या बळाचा वापर करण्याचा हक्क प्रत्येकीला आहे, आणि बलात्कार किंवा आम्लहल्ला यांसारख्या काही प्रसंगी तो हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंतही पोचतो. मात्र तो पळू लागल्यावर त्याला गाठून मारण्याचा हक्क कायदा देत नाही. म्हणून चांगल्या वर्गात शेवटचा धडा एकच असतो: सुटका झाली की धावा, माणसांत जा, सांगा.

आता आपल्या वयाच्या बायकांसाठी. "आम्हाला या वयात कोण धरतंय?" असा विनोद मघाशी मागच्या रांगेत झाला, तो मी ऐकला. परंतु आपल्याला पाडायला चोर लागत नाही. न्हाणीघरातली ओली फरशी पुरते. हनुवटी छातीशी घ्यायची, हात मागे टेकायचा नाही, अंग गोल करून बाजूवर पडायचे, हे ज्यूदोतले पहिल्या महिन्याचे शिक्षण साठीनंतर फार उपयोगी आहे. हाडे ठिसूळ असतील, रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे, आणि गादीवर बसून, मग ओणवे होऊन, मग उभ्याने, अशा पायऱ्यांनी शिकावे.

कार्यकारिणीपुढे माझी सूचना अशी. मुलींसाठी ज्यूदोचा वर्ग आठवड्यातून दोनदा, निदान एक वर्ष. गाद्या विकत घेण्याआधी जवळच्या शाळेचे किंवा व्यायामशाळेचे दालन संध्याकाळी मिळते का ते पाहावे. उरलेले पैसे शिक्षिकेच्या मानधनाला येतील. ज्यूदोची शिक्षिका मिळाली नाही आणि कराट्याची चांगली मिळाली, तर कराटे घ्यावे. तिने एकमेकींना धरून सराव करवावा, एवढी अट घालावी. सर्व वयाच्या भगिनींसाठी बारा तासांचा एक छोटा वर्ग काढावा: आवाज, पकड सोडवणे, तळहाताचा प्रहार, पडणे आणि कायदा. लाठी रविवारी सकाळी अंगणात चालू द्यावी, वडीलधाऱ्या भगिनींनीच ती शिकवावी. आणि बारा तासांच्या वर्गातला एक तास आयांनी मुलींबरोबर बसावे. मुलीने घरी येऊन एखाद्या काकांचे नाव घेतले, तर आपण पहिल्यांदा काय बोलणार आहोत, हे त्या तासात ठरवावे. त्या पहिल्या वाक्यावर पुढचे सारे अवलंबून असते.

चहा तयार असल्याची खूण मला दारातून होत आहे. चहानंतर कार्यकारिणीची सभा आहे. तेथे हात वर करण्यापूर्वी या कसोट्यांचा विचार व्हावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.